अमूर्त अभिव्यक्तिवाद : चित्रे कोणाची, पैसा कोणाचा?

१/
इतिहासाच्या चर्चांमध्ये एक वाक्य वारंवार भेटते : "अमूर्त अभिव्यक्तिवाद ही चळवळ सीआयएने उभी केली." वाक्य आटोपशीर आहे, खमंग आहे. जॅक्सन पोलॉकचे रंगांचे ओघळ पाहून 'यात कसली कला?' असे ज्यांच्या मनात आले, त्यांना ते दिलासाही देते. अडचण एवढीच की ते अर्धे खरे आहे. आणि धादांत खोट्या विधानापेक्षा अर्धे खरे विधान खोडणे नेहमीच अवघड असते.

२/
या धाग्यातील प्रतिपादन असे : ही शैली अमेरिकी सत्तेने घडवली नाही. ती घडत होती तेव्हा अमेरिकी सत्ताधारी तिची टर उडवत होते. मात्र ती घडून गेल्यावर तिच्यातील कोणाला जगभरच्या संग्रहालयांच्या भिंती मिळाल्या आणि कोणाला मिळाल्या नाहीत, हे ठरण्यात पैशाचा आणि प्रतिष्ठेचा मोठा हात होता. निर्मिती आणि निवड या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की बराच गुंता सुटतो.

३/
आधी संज्ञा. १९४६ मध्ये 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट कोट्स यांनी हान्स हॉफमन या चित्रकाराविषयी लिहिताना 'अमूर्त अभिव्यक्तिवाद' हा शब्द वापरला आणि तो न्यूयॉर्कच्या नव्या चित्रकारांना चिकटला. शब्द मात्र जुना होता. जर्मनीत तो १९१९ मध्येच छापला गेला होता, आणि १९२९ मध्ये आल्फ्रेड बार यांनी कँडिन्स्कीच्या चित्रांसाठी तो योजला होता. म्हणजे नावसुद्धा मूळचे अमेरिकी नाही.

४/
या चित्रकारांचे स्थूलमानाने दोन प्रवाह मानले जातात. पोलॉक, विलेम द कूनिंग, फ्रान्झ क्लाइन यांच्या चित्रांत हाताची, किंबहुना संपूर्ण देहाची हालचाल उमटलेली दिसते. मार्क रॉथको, बार्नेट न्यूमन, क्लिफर्ड स्टिल यांच्या चित्रांत रंगांची विस्तीर्ण क्षेत्रे असतात. दोहोंत समान काय? ओळखीची वस्तू दाखवण्याचे बंधन त्यांनी झुगारले (द कूनिंग अधूनमधून स्त्रीदेहाकडे परतला, तो अपवाद), आणि कॅनव्हास इतका मोठा केला की पाहणाऱ्याने त्याच्यासमोर उभे राहावे लागते. नुसती नजर टाकून पुढे जाता येत नाही.

५/
पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरत असे. घरांना लावायचा पातळ रंग काठीने किंवा सुकून कडक झालेल्या ब्रशने वरून ओतत, ठिबकवत तो चारही बाजूंनी फिरे. १९५० चे त्याचे 'ऑटम रिदम' हे चित्र सुमारे १७ फूट रुंद आहे. रॉथकोची रीत याच्या अगदी उलट : रंगाचे विरळ थर एकावर एक चढवत जायचे, इतके की खालचा रंग वरच्या रंगातून श्वास घेत असल्याचा भास व्हावा.

६/
ही माणसे आली कुठून? रॉथको आजच्या लाटव्हियातील द्विन्स्क येथे १९०३ मध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला आणि दहाव्या वर्षी अमेरिकेत आला. द कूनिंग रॉटरडॅमहून १९२६ मध्ये जहाजात लपून, कागदपत्रांविना पोहोचला. आर्शिल गॉर्की आर्मेनियन वंशसंहारातून वाचलेला. त्याची आई १९१९ मध्ये उपासमारीने गेली. पोलॉक तेवढा वायोमिंगमधल्या कोडी गावचा. पुढे 'अस्सल अमेरिकी' म्हणून मिरवली गेलेली ही कला बऱ्याच अंशी निर्वासितांच्या आणि स्थलांतरितांच्या मुलांची होती.

७/
आता पैशाचा पहिला हिशेब. १९३० च्या दशकात अमेरिका महामंदीत होरपळत होती. रूझवेल्ट यांच्या प्रशासनाने १९३५ मध्ये 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला. ती बेकार कलावंतांसाठीची रोजगार योजना होती. पोलॉक, रॉथको, गॉर्की, द कूनिंग, ली क्रास्नर, अ‍ॅड राइनहार्ट या साऱ्यांनी तिच्यात काम केले. द कूनिंगला १९३७ मध्ये ती सोडावी लागली, कारण तो अमेरिकेचा नागरिक नव्हता. या पिढीला मिळालेला पहिला सरकारी पैसा हेरखात्याचा नव्हता. तो दुष्काळी कामाच्या जातीचा होता.

८/
आणि रंग ओतण्याची ती प्रसिद्ध रीत? १९३६ मध्ये मेक्सिकोचा भित्तिचित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस याने न्यूयॉर्कमध्ये एक प्रायोगिक कार्यशाळा भरवली. कारखान्यात वापरले जाणारे रंग, ते ओतणे, उडवणे, अपघातालाच रचनेत सामावून घेणे असे प्रयोग तिथे चालत. तिथे काम करणाऱ्यांत चोवीस वर्षांचा पोलॉक होता.

९/
हा सिकेरोस कोण? कडवा कम्युनिस्ट. इतका कडवा की मे १९४० मध्ये मेक्सिकोत लिऑन ट्रॉट्स्कीच्या घरावर झालेल्या सशस्त्र हल्ल्याचे नेतृत्व त्याने केले. (त्या हल्ल्यातून ट्रॉट्स्की वाचला, ऑगस्टमध्ये दुसऱ्या मारेकऱ्याने त्याचा बळी घेतला.) पुढे 'अमेरिकी स्वातंत्र्याचे प्रतीक' ठरलेल्या तंत्राची एक मुळी स्टालिननिष्ठ चित्रकाराच्या कार्यशाळेत सापडते. कटकारस्थानाच्या सोप्या कथेत ही गोष्ट कुठेच बसत नाही.

१०/
या मंडळींचे राजकारणही सरळ रेषेतले नव्हते. न्यूमन स्वतःला अराज्यवादी म्हणवी. १९३३ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उमेदवारीही जाहीर केली होती. रॉथको आणि अ‍ॅडॉल्फ गॉटलिब डाव्या 'अमेरिकन आर्टिस्ट्स काँग्रेस'मध्ये होते. सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केल्यानंतर, १९४० मध्ये, ते तिच्यातून बाहेर पडले. ही माणसे उजवी झाली नव्हती. पक्षाने नेमून दिलेल्या विषयांवर चित्रे काढण्याची त्यांची तयारी तेवढी संपली होती.

११/
मग काढायचे काय? शेतकरी, कामगार, देशभक्तीची दृश्ये या साऱ्याला युद्धाने पोकळ केले होते. १९४३ मध्ये रॉथको आणि गॉटलिब यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पाठवलेल्या पत्रात विषयाचे महत्त्व नाकारलेले नाही. उलट, शोकात्म आणि कालातीत विषयच खरा, असे त्यांचे म्हणणे आहे. 'अमूर्त म्हणजे विषयहीन' हा समज चित्रकारांनी स्वतःच सुरुवातीला फेटाळला होता.

१२/
त्याच सुमारास हिटलरच्या युरोपातून आंद्रे ब्रेताँ, माक्स अर्न्स्ट, आंद्रे मासाँ असे अतिवास्तववादी न्यूयॉर्कला येऊन पोहोचले होते. मनाचा पहारा ढिला सोडून हाताला मोकळे फिरू द्यायचे, ही त्यांची कल्पना तरुण चित्रकारांनी उचलली. पेगी गुगेनहाइम हिने १९४२ मध्ये 'आर्ट ऑफ धिस सेंचुरी' हे दालन उघडले, आणि १९४३ मध्ये पोलॉकला महिना १५० डॉलरचा करार देऊन त्याचे पहिले एकल प्रदर्शन भरवले. हा पैसा खाण उद्योगातील खासगी वारशाचा होता.

१३/
आता तारखा शेजारीशेजारी मांडून पाहाव्यात.
पोलॉकची ओतीव रंगांची चित्रे : १९४७ पासून.
न्यूमनचे 'वनमेंट १' : १९४८.
रॉथकोची तरंगत्या आयतांची शैली : १९४९-५०.
सीआयएची स्थापना : सप्टेंबर १९४७.
या शैलीची पायाभरणी त्याआधीच्या दशकात झालेली होती. 'सीआयएने चळवळ निर्माण केली' हे विधान कालक्रमाच्या पहिल्याच कसोटीवर नापास होते.

१४/
त्या काळात अमेरिकी सरकार आधुनिक चित्रकलेशी कसे वागत होते? १९४६ मध्ये परराष्ट्र खात्याने 'अ‍ॅडव्हान्सिंग अमेरिकन आर्ट' नावाचे फिरते प्रदर्शन तयार केले. त्यासाठी करदात्यांच्या पैशातून ७९ तैलचित्रे विकत घेतली. त्यांत निरनिराळ्या आधुनिक शैली होत्या. प्रदर्शन पॅरिसला गेले, प्रागला गेले; आणि मायदेशी भडका उडाला.

१५/
'लुक' मासिकाने १९४७ च्या फेब्रुवारीत 'ही चित्रे तुमच्या पैशाने घेतली' अशा आशयाच्या मथळ्याखाली ती छापली. अध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर खिल्ली उडवली. परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी प्रदर्शन परत बोलावले. १९४८ मध्ये ही चित्रे युद्धात उरलेल्या सामानाच्या नियमांनुसार विक्रीस काढली गेली. सुमारे ४९,००० डॉलरना घेतलेल्या संग्रहाचे सरकारला साडेपाच हजारांच्या आसपास मिळाले. चित्रे बव्हंशी विद्यापीठांच्या पदरात पडली.

१६/
१९४९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॉर्ज डोंडेरो यांनी काँग्रेसमध्ये भाषण केले. घनवाद, दादावाद, अभिव्यक्तिवाद, अमूर्तवाद हे सारे परकीय 'वाद' असून ती अमेरिकेला पोखरणारी कम्युनिस्टांची हत्यारे आहेत, असा त्याचा रोख होता. गंमत अशी की त्याच सुमारास मॉस्को हीच कला 'सडलेल्या भांडवलशाहीची लक्षणे' म्हणून धिक्कारत होती. एकाच कॅनव्हासला दोन्ही छावण्या शत्रूचा ठरवत होत्या.

१७/
धाग्याच्या पहिल्या वाक्यातील खरा अर्धा भाग आता सुरू होतो. शीतयुद्ध तापले. समाजवादी वास्तववाद हे सोव्हिएत संघाचे १९३४ पासूनचे अधिकृत धोरण होते. युरोपातील अनेक बुद्धिमंतांचा ओढा डाव्या बाजूला होता. अमेरिका म्हणजे पैसा आणि चुइंग गम, संस्कृती नव्हे, ही धारणा वॉशिंग्टनला बोचत होती. आधुनिक कला बाहेर दाखवली तर उपयोग होता. पण काँग्रेस त्यासाठी उघडपणे पैसा देणार नाही, हे १९४७ ने शिकवले होते.

१८/
जून १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' स्थापन झाली. परिषदा, संगीतोत्सव, प्रदर्शने, नियतकालिके असा तिचा मोठा पसारा होता. लंडनचे 'एन्काउंटर' तिचेच. आणि तिच्या भारतीय समितीतर्फे मुंबईतून १९५५ मध्ये सुरू झालेले, निस्सिम इझिकिल यांनी आरंभी संपादिलेले 'क्वेस्ट'ही याच परिवारातले. या संघटनेमागे सीआयएचा पैसा असल्याचे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले.

१९/
सीआयएचे माजी अधिकारी टॉम ब्रेडन यांनी १९६७ मध्ये एका लेखात या गुप्त मदतीचे उघड समर्थन केले. हेच ब्रेडन त्याआधी न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'मध्ये, म्हणजे 'मोमा'मध्ये, पदाधिकारी होते. मोमाचे अध्यक्ष नेल्सन रॉकफेलर. संग्रहालय, उद्योगपती आणि हेरखाते यांचे जेवणाचे टेबल पुष्कळदा एकच असे. हे कोणी नाकारू नये.

२०/
मोमाने १९५२ मध्ये पोर्टर मॅकक्रे यांच्या हाताखाली आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी पैसा रॉकफेलर बंधूंच्या निधीने दिला. १९५४ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकीतील अमेरिकी दालन मोमाने चक्क विकत घेतले. इतर देशांची दालने त्यांची सरकारे चालवत. अमेरिकेचे दालन एक खासगी संग्रहालय चालवत होते. (मॅकक्रे हे नाव लक्षात ठेवावे. धाग्याच्या शेवटी ते मुंबईच्या एका चित्रकाराशी जोडले जाणार आहे.)

२१/
याचा कळस म्हणजे १९५८-५९ चे 'द न्यू अमेरिकन पेंटिंग' हे प्रदर्शन. १७ चित्रकार, बाझेल, मिलान, माद्रिद, बर्लिन, अ‍ॅम्स्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस आणि लंडन अशी आठ शहरे. संशोधक फ्रान्सिस स्टोनर सॉन्डर्स यांच्या मांडणीनुसार लंडनच्या टेट गॅलरीला हे प्रदर्शन परवडत नव्हते, तेव्हा ज्युलियस फ्लाइशमन नावाच्या धनिकाने खर्च उचलला. हा धनिक ज्या फारफिल्ड फाउंडेशनचा अध्यक्ष होता, ते सीआयएचा पैसा फिरवण्याचे एक माध्यम होते.

२२/
ही गोष्ट संशोधकांनी टप्प्याटप्प्याने उलगडली. १९७३ मध्ये मॅक्स कोझलॉफ आणि १९७४ मध्ये ईव्हा कॉकक्रॉफ्ट यांनी 'आर्टफोरम'मध्ये लेख लिहिले. १९८३ मध्ये सर्ज गिलबो यांचे पुस्तक आले. सॉन्डर्स यांचा वृत्तपत्रीय लेख १९९५ चा, तर 'हू पेड द पायपर?' हे पुस्तक १९९९ चे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी अभ्यासकांनीच आपल्या सर्वांत प्रतिष्ठित संग्रहालयाला हिशेब मागितला, ही धाडसाची गोष्ट होती. लेखांचा मथळा तेवढा पसरला; त्यांतले तपशील मागे राहिले.

२३/
तपशील काय सांगतात? काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडमने १९५२ मध्ये पॅरिसला भरवलेल्या भव्य महोत्सवातील चित्रप्रदर्शन मुख्यतः युरोपीय आधुनिकांचे होते. मोमाने १९५३ मध्ये युरोपात पाठवलेल्या बारा अमेरिकी कलावंतांत पोलॉक आणि गॉर्की होते, तसे एडवर्ड हॉपर आणि बेन शान हे आकृतिप्रधान चित्रकारही होते. १९५४ ला व्हेनिसमध्ये द कूनिंगच्या जोडीला तोच बेन शान, डाव्या विचारांचा चित्रकार. एकाच शैलीचे शस्त्र परजले जात होते, असे या यादीवरून दिसत नाही.

२४/
१९५९ मध्ये मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेने राष्ट्रीय प्रदर्शन भरवले. त्यात पोलॉकचे 'कॅथीड्रल' लावले होते. त्यावरही मायदेशी आक्षेप आलाच : प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीच्या अध्यक्षांनी निवडलेल्या कलावंतांच्या डाव्या लागेबांध्यांवर बोट ठेवले. अमेरिकी सत्तेचे या बाबतीत एकमत कधीच नव्हते. एक हात चित्र टांगत होता, दुसरा ते उतरवू पाहत होता.

२५/
मग पैशाने नेमके केले काय? त्याने निवडले. मे १९५० मध्ये १८ चित्रकारांनी मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या पुराणमतवादी परीक्षकांविरुद्ध जाहीर पत्र काढले. वृत्तपत्राने त्यांना 'इरॅसिबल्स', म्हणजे शीघ्रकोपी, म्हटले. 'लाइफ' मासिकाने त्यांतील १५ जणांचे छायाचित्र जानेवारी १९५१ मध्ये छापले. हेच छायाचित्र पुढे चळवळीची ओळख बनले. त्यात स्त्री एकच : हेडा स्टर्न. कृष्णवर्णीय कोणीही नाही.

२६/
नॉर्मन लुईस हा हार्लेमचा कृष्णवर्णीय चित्रकार. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'स्टुडिओ ३५' येथे या चित्रकारांची जी प्रसिद्ध चर्चासत्रे झाली, त्यांत तो बसला होता. तो १९४० च्या दशकापासून अमूर्त चित्रे काढत होता. तरी छायाचित्रात तो नाही, आणि १९५८ च्या १७ जणांतही नाही. 'स्वातंत्र्याची कला' युरोपभर फिरत होती तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना बसमध्ये हवे तिथे बसण्यासाठी लढावे लागत होते. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

२७/
स्त्रियांचेही तसेच. १७ जणांत ग्रेस हार्टिगन ही एकटी. पोलॉकची पत्नी ली क्रास्नर ही त्याच्याआधी आधुनिक कलेत मुरलेली चित्रकार. तिचे सिंहावलोकी प्रदर्शन मोमात लागले ते १९८४ च्या अखेरीस, तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. हेलन फ्रँकेन्थॅलर हिने १९५२ मध्ये पातळ रंग कच्च्या कॅनव्हासमध्ये जिरवून 'माउंटन्स अँड सी' रंगवले आणि पुढच्या पिढीला नवी वाट दिली. तरी सर्वसामान्य वाचकाला नावे आठवतात ती पुरुषांचीच.

२८/
या वगळण्यामागे सीआयएचा कोणताही गुप्त आदेश शोधण्याची गरज नाही. समीक्षक, दालने, मासिके, विश्वस्त यांचे रोजचे पूर्वग्रह त्यासाठी पुरेसे होते. पैशाने ते पूर्वग्रह उचलले आणि आठ शहरांत नेऊन टांगले. कटाची कथा इथेच उणी पडते. तिच्यात एक खलनायक सापडतो आणि बाकी सारे सुटतात. प्रत्यक्षात दोष पुष्कळांचा होता, आणि त्यातले काहीही गुप्त नव्हते.

२९/
एक गंभीर आक्षेप उरतो. चित्राचा वापर प्रचारासाठी झाला, तर त्याचा अर्थ बदलत नाही काय? काही अंशी बदलतो. पण चित्रकार आणि ग्राहक यांच्यात ताण असतो, हेही पाहावे. १९५८ मध्ये रॉथकोला न्यूयॉर्कच्या एका अत्यंत महागड्या उपाहारगृहासाठी चित्रमालिकेचे काम मिळाले. ती चित्रे काढून झाल्यावर त्याने पैसे परत केले आणि चित्रे स्वतःकडे ठेवली. त्यांतली नऊ त्याने टेटला दिली. ती लंडनला पोहोचली २५ फेब्रुवारी १९७० रोजी. त्याच दिवशी त्याने न्यूयॉर्कमध्ये आत्महत्या केली होती.

३०/
आता हाच प्रश्न घराजवळ आणावा. वासुदेव गायतोंडे : जन्म १९२४, नागपूर; घराणे गोव्याचे; १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आणि भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या चित्रांतून आकृती मावळत चालली होती. झेन विचाराची त्यांना ओढ होती. स्वतःच्या चित्रांना ते 'अमूर्त' म्हणत नसत. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे वस्तुनिरपेक्ष, हा शब्द त्यांना मान्य होता.

३१/
१९६३ मध्ये अमेरिकी चित्रकार मॉरिस ग्रेव्हज (१९५३ च्या त्या बारा जणांपैकीच एक) मुंबईत गायतोंडे यांची चित्रे पाहून थक्क झाला आणि त्याने न्यूयॉर्कच्या दालनचालकाला कौतुकाचे पत्र लिहिले. १९६४ मध्ये गायतोंडे जॉन डी. रॉकफेलर तृतीय निधीच्या पाठ्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. या निधीचा संचालक कोण? पोर्टर मॅकक्रे. ज्याने पोलॉक-रॉथको युरोपात नेले, त्याच्याच निधीने गायतोंडे यांना न्यूयॉर्कला नेले. १९६८ मध्ये तय्यब मेहताही याच निधीवर गेले.

३२/
'ज्याचा पैसा, त्याचा अर्थ' हा नियम खरा मानला, तर गायतोंडे यांचे चित्र रॉकफेलरचे ठरते. रोलर आणि रंगसुरीने थर चढवत, खरवडत, वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करणारा, गर्दीपासून दूर राहणारा तो माणूस शीतयुद्धाचे प्यादे ठरतो. त्यांच्या कॅनव्हाससमोर पाच मिनिटे उभा राहिलेला कोणीही मराठी माणूस हे मान्य करणार नाही. ग्रेव्हजचे पत्र पाठ्यवृत्तीच्या आधीचे आहे. चित्रे तर त्याहून आधीची.

३३/
मग जो न्याय गायतोंडे यांना, तोच पोलॉकला आणि रॉथकोला द्यावा लागेल. आपल्या चित्रकाराबाबत 'पैसा कोणाचाही असो, साधना त्याची' म्हणायचे आणि परक्याबाबत 'सारे कारस्थान' म्हणायचे, ही इतिहासदृष्टी नव्हे. तो स्वकीयांसाठीचा पक्षपात झाला.

३४/
उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे धरावी. रॉकफेलर निधीला आशियाई चित्रकार न्यूयॉर्कला का आणावेसे वाटले? मुंबई, दिल्ली, कोलकाता यांतून कोण निवडले गेले आणि कोण राहिले? डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात गायतोंडे यांच्या एका चित्राला २३.७ कोटी रुपये मिळाले. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन भरवले. या मान्यतेच्या वाटेवर कोणकोणते दरवाजे होते आणि किल्ल्या कोणाच्या हाती होत्या, हे विचारणे म्हणजे चित्रकाराचा अपमान नव्हे. तो इतिहासकाराचा धर्म आहे.

३५/
अशा विषयाला हात घालताना तरुण अभ्यासकाने तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.
अ) आधी काय घडले, नंतर काय घडले?
आ) जे आधीच अस्तित्वात होते, त्यातून कोणी काय उचलले आणि काय वगळले?
इ) हे सारे कळल्यानंतर, समोरच्या चित्रात काय दिसते?
कटाची कथा पहिला प्रश्न टाळते, भाबडे कलाप्रेम दुसरा टाळते, आणि दोन्ही बाजूंचे वाद घालणारे बहुतेक जण तिसरा प्रश्न विसरून जातात.

३६/
तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'ते तर सीआयएने उभे केले' म्हणाले, तर त्याच्याशी हुज्जत घालण्याऐवजी त्याला दोन नावे विचारावीत. सिकेरोस कोण होता? आणि नॉर्मन लुईस कोण होता? पहिल्या नावापाशी 'निर्मिती सीआयएची' हा दावा कोसळतो. दुसऱ्यापाशी 'ही निखळ स्वातंत्र्याची कला' हा दावा कोसळतो. दोन्ही दावे बाजूला झाले की मग खुशाल चित्रे पाहावीत. ती अजून भिंतीवर आहेत.

(धागा समाप्त)
#मराठी #इतिहास #चित्रकला